काटा

पाळधी गेलं की काटा चढायचा.

मी जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो, बावीस वर्षं.
काटा चढला की कापूस आला,
उतरला की ट्रॅक्टर रिकामा,
एवढंच मला कळतं.
पण इंडिकाच्या डॅशबोर्डवरचा हा बोटभर काटा
बांभोरीच्या पुलाआधीच लाल रेघेला टेकायचा
आणि मी एप्रिलच्या भर दुपारी
हीटर फुल्ल सोडायचो, काचा खाली.
कुणीतरी सांगितलं होतं,
इंजिनची आग अशी आत ओढून घेता येते.
बाहेर चव्वेचाळीस. आत किती, देव जाणे.
मागच्या सीटवर हर्षाली,
मांडीवर पाण्याच्या पाच बाटल्या.
प्यायच्या नव्हेत. गाडीच्या.

थर्मोस्टॅट बदलला एरंडोलला.
वॉटर पंप जळगावला.
एकानं रेडिएटर आतून धुऊन दिला,
गंजाचं पाणी बादलीत दाखवलं, पुरावा म्हणून.
शेवटचा म्हणाला, हेड गॅस्केट. अठरा हजार.
आकडा सांगताना तो माझ्या चपलांकडे बघत होता.

मग गावातच, अमळनेर रस्त्याला,
लिंबाखालचा हुसनोद्दीन पिंजारी.
बोनेट उघडायच्या आधी त्यानं चहा मागवला.
तापलेलं टोपण खोलू नये,
माणसाचंही तसंच असतं
असलं काही तो बोलला नाही.
नुसता चहा प्यायला.

ऑइलची पट्टी काढून बोटांत चोळली:
काळं, पण दुधाळ नाही.
टोपण काढून इंजिन चालू केलं:
पाण्यात बुडबुडे नाहीत.
'गॅस्केट साबूत शे.'
अठरा हजार माझ्या मानेवरून उतरले.
मग रद्दीतलं एक पान घेऊन
त्यानं जाळीसमोर धरलं.
आत पंखा घोंघावतोय, जोरात,
आणि पान हलेना.
जाळीला चिकटायला हवं होतं ते.
त्याच्या बोटांत लोंबत राहिलं,
त्यातली गाळ्यांची जाहिरात मला वाचता येत होती.

'गाडी कोठे उभी ऱ्हास?'
जिनिंगमध्ये, म्हटलं. रेच्यांच्या शेडमागे.
तो पहिल्यांदा हसला.
'बिमारी इंजिनमा नई. नाकमा शे.'

एसीची जाळी चार बोल्टवर.
ती त्यानं वीतभर पुढे ओढली
आणि दोन जाळ्यांच्या मध्ये दिसली
गादी.
पाच हंगामांची रुई, धूळ, सरकीची टरफलं,
एका फुलपाखराचा अर्धा पंख,
सगळं दाबून बसलेलं, बोटभर जाड.
समोरून सगळ्यांनी पाणी मारलं होतं.
मध्ये कुणी बघितलं नव्हतं.
मीही नाही, आणि रुई तर माझ्याच अंगणातली.

हवेचा पाइप त्यानं बाजूला ठेवला.
कडेपासून सोडवत, न तोडता,
अख्खी गुंडाळी हातात घेतली
आणि चिमूटभर ओढून
धाग्याची लांबी नखावर मोजली.
'माल चांगला शे. आजा ऱ्हाता तं उशी भरी देता.'
त्याचा आजा धनुकली खांद्यावर घेऊन
या गल्ल्यांतून फिरायचा, तांत वाजवत.
हे मला माहीत होतं. आठवलं मात्र तेव्हा.

मागून पुढे, हलक्या धारेनं पाणी.
वाकलेल्या पात्या जुन्या कंगव्यानं सरळ.
परत ते पान धरलं.
फट्टकन चिकटलं.
तीनशे घेतले. चहाचे त्यानंच दिले.

रुई मी पिशवीत घालून आणली,
दुसऱ्या दिवशी, कुणी नसताना, काट्यावर ठेवली.
पन्नास टनांचा काटा.
शून्य.
मी चष्मा पुसून परत बघितलं. शून्यच.
नोंद केली नाही.

रविवारी पाळधी गेलं.
पूल आला, खाली गिरणेची वाळू, पांढरीफट्ट.
काटा मध्यावर, जागचा हलेना.
माझा हात तरी दोनदा हीटरकडे गेला.
मागे हर्षाली, सवयीनं पाच बाटल्या घेऊन.
'बाबा, यातलं पिऊ का?'
मी काट्याकडे बघितलं.
मग हो म्हणालो.