हातचा

दोन हजार पंचेचाळीसपर्यंत आपण शून्य होणार,
असं अध्यक्षीणबाईंनी सांगितलं. टाळ्या झाल्या.
बाहेर उणे सव्वीस होतं,
आणि टाळ्या वाजवणारे हात
माझ्या वाफेवर शेकलेले होते.

मी एल्डन ट्वेट, बॉयलरघरातला.
एकतीस हिवाळे, बहुतेक रात्रपाळी.

विद्यापीठाच्या पोटात साडेचार मैल बोगदे आहेत.
त्यांतून वाफ जाते ग्रंथालयाला, इस्पितळाला,
आणि त्या तलावाला, जिथे जानेवारीत
पोरं उघड्या अंगानं सूर मारतात.
पाइप जुने, वेष्टण फाटलेलं,
म्हणून वर मिनेसोटाचा सगळा बर्फ सोडून
एकच हिरवी रेघ उघडी राहते
रसायनशास्त्रापासून चर्चपर्यंत.
ससे तिथं चरतात.
पोरांना वाटतं, पायवाट आहे.
गळती आहे ती.

न्हिया लोर आली ती बुटांत बर्फ घेऊन.
म्हणाली, तुमच्या नोंदवह्या हव्यात, सगळ्या.
शून्याला पोचायचं तर
आधी कळायला हवं, निघालो कुठून.
तिचे आईबाप लहानपणी रात्रीची मेकाँग ओलांडून आले,
हे तिनं थर्मासमधला चहा ओतताना
सहज सांगितलं, बस नंबर सांगावा तसं.

मग तक्ता उलगडला.
कोळसा गेलाच होता, आता गॅस जाईल.
फुटबॉलच्या मैदानाखाली पाचशे फूट खोल भोकं;
उन्हाळा पुरायचा, हिवाळ्यात उकरायचा.
हे मला पटलं. आई तळघरात बटाटे ठेवायची
तसंच की हे.
आणि प्राध्यापकांची विमानं?
ती तळटीपेत होती, 'पुढील टप्प्यात'.
तरी जो धूर उरेल
त्याच्या बदल्यात जंगल विकत घ्यायचं,
कुणी न पाहिलेल्या देशातलं.

मी म्हटलं, शाळेत आम्हाला
नऊ नि चार तेरा शिकवले,
तीन खाली, एक हातचा.
तुमच्या बेरजेत हातचा कुठं धरलाय?
ती हसली.
हसताना पेन्सिल खाली ठेवली तिनं.

त्या दिवशी बोललो नाही. तीन दिवस गेले.
मग सांगितलं:
सत्त्याण्णवचा फेब्रुवारी, अकरा रात्री,
मी इथं नव्हतो.
लव्हर्न तिसऱ्या मजल्यावर होती, खिडकीजवळच्या खाटेवर.
हेल्मर एकटा भट्टी सांभाळायचा,
मी पहाटे येऊन आकडे भरायचो.
दाब एकशे पंचवीस. कोळसा अडतीस टन.
दाब एकशे पंचवीस. कोळसा अडतीस टन.
बाराव्या रात्री मी कामावर आलो.
घरी थांबायला कारण उरलं नव्हतं.

न्हियानं वही उघडली, ते पान आधीच दुमडलेलं.
"इतकं सरळ," ती म्हणाली, "फक्त खोटं असतं.
खऱ्या रात्री हलतात."
रागावली नाही. खोडलंही नाही काही.
अकरा आकड्यांपुढं अकरा बारीक प्रश्नचिन्हं काढली,
आणि अहवालात एक ओळ वाढवली:
अकरा दिवसांच्या नोंदी अनिश्चित.
कारणाचा रकाना
तिनं कोरा ठेवला.

यंदा डिसेंबरात पूर्वेची लाइन बंद झाली.
व्हॉल्व मीच फिरवला; सात फेरे,
आठव्याला हाताला काही लागलं नाही.
सकाळी बर्फ पहिल्यांदाच सगळीकडे सारखा पडलेला,
माझ्या त्या पानासारखा.
एक ससा मधोमध बसून होता,
कुठं उकरावं न कळल्यासारखा.

मी सवयीनं निघालो,
गुडघाभर बर्फातून, जुन्या पाइपाच्या वळणावळणानं.
चर्चपाशी वळून पाहिलं तर
दोन पोरं, हातात कॉफीचे कागदी पेले,
माझ्या पावलांत पावलं टाकत येत होती.
त्यांना वाटलं असेल,
पायवाट आहे.