चौतिसावं पान

कूलरमध्ये पाणी टाकायला अजून कोणी आलं नाही.
साडेअकरालाच मेडिकल चौकातलं डांबर चिकट झालंय
आणि निकेत पौनीकर समोर उभा,
थिसिसचा मसुदा छातीशी धरून.
'नऊ टक्के, मॅडम,' म्हणाला,
म्हणजे सॉफ्टवेअरनं सोडलं.

मी चाळत गेले. सिकलसेल, एकशे बारा रुग्ण, तक्ते नीट.
चौतिसाव्या पानावर थांबले:
लांब हाडांच्या आत चुरडल्यासारखी, तिखट आग.

हे कुठून घेतलंस?
'रायपूरचा एक पेपर आहे. पण शब्द बदललेत मी.
तिथं "कुटल्यासारखी" होतं.'

माहीत आहे.
रायपूरवाल्यांनी माझ्या थिसिसमधून उचललं, न सांगता.
लायब्ररीत सर्वांत खालचा कप्पा, निळं बाइंडिंग.
एकोणीस वर्षांनी माझं वाक्य
तोंड धुऊन, वेगळा भांग पाडून
माझ्याच टेबलावर.
रागवायला तोंड उघडलं
ते उघडंच राहिलं.

वॉर्डातली खिडकीजवळची खाट.
भिवापूरची पंचफुलाबाई,
सातऱ्यावर मिरच्यांचे देठ खुडून बोटं सुजलेली.
सलाईनकडं बघत म्हणाली होती,
'हाडाच्या आत कोनी मिरच्या कुटून राह्यलं, बाई.'

मी त्याचं इंग्रजी केलं.
मिरच्या काढल्या. बाई काढली.
अवतरणचिन्हं घातलीच नाहीत.
गाइडनी समासात लिहिलं, उत्तम निरीक्षण.
ते 'उत्तम' अजून माझ्याच खात्यावर आहे.

बस, निकेत.
नऊ टक्के म्हणजे थर्मामीटर, निदान नव्हे.
रायपूरचं नाव टाक. माझं टाक, सालासकट.
पंचफुलाबाईचं नाव टाकता येत नाही,
एथिक्स कमिटी टाकू देणार नाही,
पण 'एका रुग्णाच्या शब्दांत' एवढं तरी
लिहिता आलं असतं.
मला.

तो पायांकडं बघत म्हणाला, 'सबमिशन शुक्रवारी आहे.'
मग बऱ्याच वेळानं,
'मी एकशे बारांपैकी कोणालाच विचारलं नाही, मॅडम.
फॉर्मवर एक ते दहा असा रकाना होता.'

ओपीडीत बाकावर कुहीचा एक पोरगा,
गुडघा दोन्ही हातांत धरून.
निकेतनं वही उघडली, कोरी.
कसं दुखतं रे?
पोरगा पंख्याकडं बघत राहिला,
पंखा बंद होता.
'जसं हाय तसं सांगू?'