सहीची जागा

एप्रिलचा दुसरा रविवार. पिओरियात
जाता जाता बर्फ पुन्हा भुरभुरून गेलेला.
शैलेशने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.
सॉफ्टवेअरने नावानिशी स्वागत केलं. त्याचं.
मागच्या वर्षीची माहिती तशीच ठेवू का, म्हणालं.
तो म्हणाला, ठेव.

मी बासमतीच्या रिकाम्या पिशवीतून
पावत्या काढत होते:
दोऱ्याची रिळं, अकरा नंबरच्या सुया, चेन,
एका नवरीच्या गाऊनचा घोळ साडेतीन इंच उचलला
त्याचे नव्वद डॉलर.
दुसरीने लग्नच मोडलं,
तिचे आगाऊ चाळीस माझ्याकडेच राहिले.
तेही उत्पन्नच, शैलेश म्हणाला.

वाकून पाहिलं. पत्नीचा व्यवसाय:
होममेकर.
नऊ वर्षं तेच. कुणी मुद्दाम लिहिलेलं नाही,
नुसतं पुढे सरकत आलेलं,
अभ्र्यावरच्या तेलाच्या डागासारखं.

'आणि माझी सही?'
'होते ती. पाच आकडे टाकले की झाली.'
'कुठले पाच?'
तो जरा थांबला.
'मीच टाकतो दरवर्षी.
आपल्या पहिल्या अपार्टमेंटचा झिपकोड.'

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.
त्या अपार्टमेंटमध्ये हीटर बंद पडला की
ओव्हनचं दार उघडून मी पुढ्यात बसायचे
आणि तो कामावरून दोनदा फोन करायचा.
पण मी नऊ वर्षं
झिपकोड होते.

लायब्ररीत कोऱ्या फॉर्मची चळत आता
काउंटरखाली असते, मागावी लागते.
डोलोरेसबाईंनी दोन दिले. म्हणाल्या,
एक चुकायला.

'कागदाला महिने लागतात, हेमांगी.
रिफंड दिवाळीला येईल.'
'येऊ दे. दिवाळीलाच लागतो.'

बेरजा लॅपटॉपवरच केल्या.
माझं भांडण आकड्यांशी नव्हतंच.
तरी उतरवताना सहाचा आठ झाला,
आणि शाई काही उसवता येत नाही.
दुसरा फॉर्म घेतला.

दुसऱ्या पानाच्या तळाशी, त्याच्या सहीखाली,
व्यवसायाचा चौकोन, काजाएवढा.
'टेलर' लिहिलं. मावलं.
मग सही, देवनागरीत, पासपोर्टवर आहे तशी.
शिरोरेघ जरा लांबली,
शेजारच्या तारखेच्या घरात घुसली.
शैलेश बघत होता. काही बोलला नाही.
स्टेपलर मात्र त्यानेच आणून दिला.

पोस्टात काउंटरवरच्या पोराने लिफाफा तोलला,
सगळ्यांना विचारतो तसं विचारलं:
फुटण्यासारखं, सांडण्यासारखं, नासण्यासारखं
काही आहे का आत?
मी खरंच विचार केला क्षणभर.
मागची बाई घड्याळ बघू लागली.
नाही, म्हटलं,
आणि पोच हवी, पावतीही हवी.

पावती बासमतीच्या पिशवीत टाकली.
पुढच्या वर्षीचा
पहिला खर्च.