कोपरापर्यंत

चोपड्याच्या जिनिंगवर सव्वीस वर्षं
मी कापूस पाहतो.
डोळ्यांनी नाही.
गाडीवरचा पांढरा माल सगळ्यांनाच दिसतो.
मी हात घालतो, कोपरापर्यंत,
आणि तळातली मूठ वर आणतो:
कधी कवडी, कधी पाणी मारल्याचा गारवा,
एकदा तर अर्धी वीट.
मग दोन अंगठ्यांत धागा ओढायचा.
गाडी कुणाची, हे मी सगळ्यात शेवटी विचारतो.

बोलण्याचं उलटं. तिथे कुणाचं, हे आधी.

जावयाच्या फोनमधला आवाज म्हणाला,
'परदेशातले एक मोठे डॉक्टर सांगतात,
गोवराच्या सुईने पोरं मुकी होतात,
हे तुम्हाला कोणी सांगणार नाही,
दहा जणांना पाठवा.'
नात नऊ महिन्यांची. सुई गुरुवारी.

मी हात घातला.
मोठे म्हणजे केवढे? नाव नाही.
दवाखाना नाही, गाव नाही, साल नाही.
सोबतच्या फोटोतला मुलगा मात्र ओळखीचा निघाला.
मागच्या दिवाळीत हाच
पाम तेलाविरुद्ध रडत होता.

'दोनशे जणांनी पाठवलंय, मामा.'
दोनशे गाड्या, मी म्हणालो,
पण वावर एकच.

तेव्हा त्याने मलाच धरलं.
'आणि तुमची ती तडवी सिस्टर?
तिला पगार कोण देतं?'

हा प्रश्न मी फेकून दिला नाही.
पगार मलाही जिनमालकच देतो.
तरी त्याच्या मेव्हण्याच्या गाडीला
दोनदा नाही म्हणालोय, हेच दोन अंगठे.
पण सगळ्यांचे अंगठे तसे नसतात,
हेही मला जिनमध्येच कळलं.

म्हणून बुधवारी उपकेंद्रावर गेलो
आणि अवघड तेच विचारलं:
सहाव्या महिन्यात तापात पोरीला झटका आला होता,
चालेल का?
बाई गप्प. रजिस्टर मिटलं.
'माले म्हाईत नई, भाऊ. इचारीसन सांगसू.'

सव्वीस वर्षांत एकाही दलालाने मला
माहीत नाही असं सांगितलेलं नाही.

दिवेलागणीला स्कूटीवर आली.
वहीच्या फाडलेल्या पानावर
कोणत्या डॉक्टरला विचारलं, त्याचं नाव,
हुद्दा, फोन नंबर, किती वाजता बोलली ते.
खाली: सुई द्यायची.
आठ-दहा दिवसांनी ताप येऊ शकतो, पुरळही.
आल्यास काय करायचं, किती थेंब,
आणि झटका आला तर वाट न बघता कुठे न्यायचं.

नवव्या रात्री ताप आला.
जावयाने माझ्याकडे पाहिलं.
मी पानाकडे.
मग तोच उठला, थेंब मोजले,
फडका पिळून कपाळावर ठेवला.
भांडण कुणी जिंकलं, याचं काही बोलणं झालं नाही.

उशाशी बसून मला माझं नाव आठवत राहिलं.
उखर्डू.
आधीची दोन गेली म्हणून
मला उकिरड्यावर ठेवून परत उचललं,
मरणाला वाटावं, टाकाऊ आहे.
आई म्हणायची, गोवरच होता.
आत्या म्हणायची, नजर.
कागद कुठलाच नाही.

हे जावयाला तेव्हाच सांगितलं असतं,
तर त्याने लगेच ऐकलं असतं.
त्याचे डोळे भरले असते, माझेही.
नाही सांगितलं.
ती गाडी माझ्याच घरची,
आणि तिच्या तळाला
माझा हात अजून पोचलेला नाही.