एकोणीस टक्के

तीन दिवस धूळ हवेतच होती.
चौथ्या दिवशी बसली, ती थेट पॅनेलवर.
बाराशे पॅनेल, दोन माणसं, एक ब्रशगाडी,
आणि ब्रशगाडीचा पट्टा तुटलेला.

संध्याकाळी बॅटरीच्या कंटेनरवर आकडा: एकोणीस.
एकोणीस टक्के ऊन शिल्लक.
आगोटीआधी आई सुकटीचा डबा हलवून
आवाजावरून सांगायची, किती दिवस पुरेल.
मी पत्र्यावर टिचकी मारली.
काही कळलं नाही.

हैमाच्या आवारात त्या रात्री दोन ट्रक.
एक झरवलीचा, सलालाहला फरशा नेणारा.
दुसरा थंड पेटीचा, दुक्महून निघालेला,
सुरमईने गच्च.
नियम भिंतीवर चिकटवलाय: आधी आला त्याला आधी.
झरवली चार तास आधी आला होता.

चहा संपवून तो म्हणाला,
"फरशी सडत नाही, मुकादम."
एवढंच.
आणि आपली केबल काढून, खाली न टाकता,
खांबाला नीट गुंडाळून ठेवली.

मग त्याला झोप येईना.
एकवीस वर्षं डिझेलच्या घरघरीवर डोळा लागायचा.
ही गाडी इतकी गप्प, की बन्नूहून मुलीने विचारलेलं
आणि त्याने टाळलेलं
सगळं ऐकू येतं.
म्हणाला, इन्व्हर्टरच्या खोलीचं दार उघडं ठेव.
धूळ आत जाते, ठेवायचं नसतं.
ठेवलं.
पंख्यांची भणभण बाहेर आली,
ती उशाशी घेऊन तो झोपला.

मी आकडा बघत बसलो. सतरा. चौदा. अकरा.
सुरमई अडीचला गेली, नऊवर.
टायरांचा काय तो आवाज,
मग तोही नाही.

पहाटे समुद्राकडून धुकं आलं.
इथे येतं ते, कोणी विश्वास ठेवत नाही.
काचेवर दव, दवात धूळ, धुळीचा चिखल.
ऊन चढलं की तोच चिखल भाजून घट्ट बसतो;
म्हणजे ज्याची वाट बघायची
त्याच्याच आधी पोचायचं.

तलाल उंटिणीचं दूध घेऊन आला होता.
किटली वाळूत ठेवून त्याने बाह्या सारल्या.
ब्रश दोनच.
झरवलीने केबिनमधली चादर आणली,
फुलाफुलांची, घरून दिलेली,
आणि पहिल्या रांगेपासून पुसत निघाला.

आठ वाजता आकडा हलला. दहा.
कोणी काही बोललं नाही.
झरवली चादर पिळत होता.
खांबावरची केबल सोडायला
अजून बराच वेळ होता.