साडेतीन तास मागं

पाकीट दुपारी आलं. पाकिटात पासपोर्ट होते,
पासपोर्टात काहीच नव्हतं.
आणि गाडी रात्री पावणेअकराची.

कुणाला सांगणार? अख्खी साखरपेठ स्टेशनवर,
सासऱ्यांच्या हातात हार,
धाकट्या नणंदेकडे पेपरात बांधलेल्या कडक भाकऱ्या,
तिकडं पोटाला काय मिळतंय काय नाही, वैनी.
अंबादास दारात उभा राहून हात हलवत राहिला
प्लॅटफॉर्म संपून बाभळी लागल्या तरी.

कुर्डुवाडीला उतरलो.
दोन लाल बॅगा, चाकांच्या.
पुढचा अख्खा दिवस वेटिंग रूममध्ये,
कारण विमान अजून उडायचं होतं
आणि ते उतरेपर्यंत आम्हाला कुठंतरी असायला हवं होतं.
परवाच्या पहाटे पहिली एसटी, परत सोलापूर.
मी तोंडाला ओढणी बांधलेली, त्यानं रुमाल.

लॉज अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडं.
मॅनेजरनं आधार कार्डावरचा पत्ता वाचला,
मग माझ्या हातांवरची मेंदी.
"इथलेच की ओ तुम्ही."
"घरी पाहुणे लई झालेत," अंबादास म्हणाला.
तेही खोटं नव्हतं.

खोली नंबर चार. कूलर आहे, कूलरात पाणी नाही.
त्यानं मनगटावरचं घड्याळ काढलं,
काटे साडेतीन तास मागं नेले.
"आत्ता प्रागला साडेसहा. तू झोप."
मी कुठली झोपतेय.

आंघोळीला टॉवेल मागवला.
पांढरा, जाड, खळ घातल्यासारखा ताठ,
काठावर विणलेला पूल, एक मनोरा,
खाली इंग्रजी अक्षरांत कुठल्याशा हॉटेलाचं नाव,
त्यातलं एक अक्षर उलटं.
अंबादास तो हातात धरून उभाच.
"हा माझा आहे."

गेल्या वर्षीची प्रागची ऑर्डर. जेकार्डवर डिझाईन
यानंच चढवलेलं. चारशे नग विणून झाल्यावर
कुणाच्या तरी लक्षात आलं.
तीन दिवसांचा पगार गेला, माल रिजेक्ट.
रिजेक्ट माल लॉजवाले किलोवर नेतात.
"फोटोवरनं बारा कमानी विणल्या मी," तो म्हणाला.
"खऱ्या किती ते मोजायचं होतं."
लग्न ठरल्यापासून मी विचारत होते, प्रागच का,
तेव्हा नुसता हसायचा.

आम्ही टॉवेल गादीवर अंथरला.
त्याची दोन बोटं पुलाच्या या टोकाकडून,
माझी त्या टोकाकडून.
मधल्या कमानीवर गर्दी झाली.
नंतर तिथंच बसून भाकरी मोडली,
शेंगाची चटणी नदीत सांडली. बरीच.

तीनला आईचा फोन. मराठीत बोलली,
म्हणजे शेजारी कुणीतरी बसलेलं.
"पोचलात? काय करूलालीस?"
"पूल बघायलोय, आई."
"थंडी हाय का?"
"हाय की. स्वेटर घातलाय."
कोपरावरून घाम टपकत होता, बाहेर त्रेचाळीस.
"मागं कसला आवाज येतोय गं?"

मागं माग होते.
खिडकीपलीकडच्या शेडमध्ये खटाखट, खटाखट,
ज्या आवाजाशिवाय मला लहानपणी झोप लागायची नाही,
मागाची सुट्टी असली की आई मांडीवर थापटत
तोंडानं तसा आवाज काढायची.

"ट्राम आहे," मी म्हणाले.

आई गप्प. ट्राम चालूच.
मग उठून आतल्या खोलीत गेली असावी,
कारण पुढचं तेलुगूत, आणि हळू:
ट्राम तर ट्राम. उन्हाचं फिरू नका.
ताक पीत जा दोघं.

अंबादासनं विचारलं, काय म्हणाल्या?
मी चपला शोधत होते.

खाली टपरीवर दोन ग्लास सांगितले.
टपरीच्या भिंतीवर तीन वाजून दहा,
त्याच्या मनगटावर अजून दुपारही झाली नव्हती.
ताक आलं, वर कोथिंबीर.
अर्धा ग्लास संपल्यावर लक्षात आलं,
ओढणी खोलीतच राहिली.