सत्तेचाळिसावा अंक

शामशुईपोत, आमच्या इमारतीच्या जिन्याखाली
म्हाताऱ्या लूकचं दुकान होतं.
दुकान म्हणजे दोन फळ्या, मध्ये बिजागरी,
आणि दोरीवर सुकटीसारखी टांगलेली
मारामारीची चित्रपुस्तकं.
दहा सेंटला दोन. तिथंच बसून वाचायची,
वीतभर उंच स्टुलावर.
थुंकी लावून पान उलटलं की लूक खाकरायचा.

स्टूल एकाचेच पैसे.
होयिन बसायचा, मी मागे उभी,
त्याच्या मानेला खोबरेलाचा वास.
पान उलटायची घाई मला. तो म्हणायचा, थांब,
लाथ अजून पोचलेली नाही.

छपाई हलकी. लाल रंग ओठांबाहेर सरकलेला,
त्यामुळे प्रत्येक ठोसा दोनदा बसायचा,
एकदा माणसाला, एकदा त्याच्या सावलीला.
लोखंडी कवटीचा भिक्षू होता,
कोयता न उचलता जिंकणारा दारुडा खाटीक होता,
आणि माझी लाडकी, सात सुऱ्यांची विधवा,
जी सहाच सुऱ्या फेकायची.
सातवीचं काय, कुणीच सांगत नव्हतं.

होयिनचा मात्र एकच: एकपायी बगळा.
उजवा पाय लहानपणीच निकामी,
डाव्यावर उभा राहून तो अख्खी टोळी लोळवायचा.
होयिनच्या पायाला पोलिओची लोखंडी पट्टी.
संध्याकाळी गच्चीवर, वाळत्या चादरींच्या मधोमध,
तो बगळा व्हायचा. पडायचा. पुन्हा व्हायचा.
भांडण म्हटलं की आमचा होयिन
खरोखरच एका पायावर तयार.

सत्तेचाळिसावा अंक आला तेव्हा
तो इस्पितळात होता, पट्टी बदलायला.
मी एकटी बसले. पहिल्यांदाच स्टूल माझं.
शेवटच्या पानावर
बगळा कड्यावरून खाली जातो.
तळाशी काळ्या शाईचा एक डाग,
शेजारी त्याचं एक पायताण.
एकच, अर्थात.

लूक नाक शिंकरत होता.
मी पान फाडलं, आठ घड्या घातल्या.
घरी आई प्लास्टिकची फुलं जोडायची,
ग्रोसावर पैसे. शेवंतीच्या खोक्यात,
देठांच्या खाली, मी ते दाबलं.
दुसऱ्या दिवशी खोकं बोटीवर गेलं.
कुठल्या परक्या गावात, कुणाच्या बैठकीत
तो अजून पडतो आहे, ठाऊक नाही.

होयिनला सांगितलं, पान आधीच नव्हतं.
तो म्हणाला, मग लाथ हवेतच आहे तर.
लूकनं माझ्या मोडीतून
तीस सेंट कापून घेतले, एक शब्द न बोलता.
मी त्या फळ्यांकडे पुन्हा फिरकले नाही.
तेराव्या वर्षी विगच्या कारखान्यात लागले,
दुसऱ्यांचे केस मोजायला.

परवा, चहाच्या दुकानात,
होयिन नातीला टेबलाखाली पाय दाखवत होता.
म्हणाला, बगळा पडला ना कड्यावरून,
तर अठ्ठेचाळिसाव्यात उठतो.
खाली नदीचा गाळ होता. मऊ.
असली माणसं पडून मरतात होय?

माझ्या हातातली किटली तशीच राहिली.
बावन्न वर्षं मी एकटीनं सुतक पाळलं होतं.
कधी वाचलास तू? म्हटलं.
त्याच आठवड्यात, तो म्हणाला.
दोन्ही अंक. लूककडे दुसरी प्रत होती.
पैसे घेईना. म्हणाला, तुझ्या बहिणीनं भरलेत.

मग मला का नाही सांगितलंस?
तो वाटीतला शेवटचा मोमो ढकलत राहिला.
तू रोज रात्री माझी पट्टी सोडायचीस, म्हणाला,
आणि हवेतल्या लाथेबद्दल काहीबाही रचून सांगायचीस.
ते बरं होतं. पुस्तकापेक्षा बरं.

मी चहा ओतला.
त्यानं टेबलावर दोन बोटं टकटकवली, आमच्या रीतीनं,
एक सरळ, एक किंचित आखडलेलं.

आणि ती विधवा?
तिची सातवी सुरी? त्यानं विचारलं.
तू तर विसरलीच असशील.

विसरले नव्हते.
वाचलंच नव्हतं.